खुर्ची नसलेली घरे : फिजिओथेरपीच्या इंटर्न्ससोबत मेळघाटातले सहा दिवस

निघण्यापूर्वी

फिजिओथेरपीच्या साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे असतात आणि त्यांतला काही काळ ‘कम्युनिटी’साठी राखलेला असतो. बहुतेक ठिकाणी हा काळ शहरालगतच्या एखाद्या केंद्रात, रजिस्टरवर सह्या करण्यात जातो. मी हाच विषय शिकवत असल्यामुळे हे लिहिताना मलाही थोडे ओशाळल्यासारखे होते. यंदा जानेवारीत मात्र पाच मुली आणि तीन मुलगे अशा आठ इंटर्न्सना घेऊन मी अमरावती जिल्ह्यातल्या धारणी तालुक्यात सहा दिवस जाऊन आले. तिथे काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेने राहण्याची सोय केली होती आणि गावात हिंडण्यासाठी एक आशाताई सोबत दिल्या होत्या.

तयारी आम्ही तीन आठवडे आधी सुरू केली. पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि एक खिळा यांपासून प्रत्येकाने स्वतःचा गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायचे साधन, केला. प्लिंथ (तपासणीचे उंच टेबल) आणि यंत्रे वापरायची नाहीत, सतरंजीवर बसूनच एकमेकांना तपासायचे, असा नियम घातला. चित्रे असलेली व्यायामाची पत्रके छापून घेतली, एकूण दोनशे. ही पत्रके माझ्या डोक्यातली मोठी कामगिरी होती आणि तिचे पुढे काय झाले ते दुसऱ्या दिवशीच्या मजकुरात येईलच. एका मुलाने आग्रहाने दुखण्यावरच्या उपचाराचे अल्ट्रासाउंड यंत्रही बरोबर घेतले. “असू द्या मॅडम, लागलं तर?” असे तो म्हणाला. ते यंत्र खोक्यातून एकदाही बाहेर आले नाही.

दिवस पहिला

बडनेऱ्याला उतरून अमरावती, परतवाडा असे करत दुपारी आम्ही घाट चढू लागलो. घटांग मागे पडल्यावर सागाचे जंगल दाट होत गेले आणि सेमाडोहच्या अलीकडे फोनवरचे नेटवर्क एकेक करत सर्वांचेच गेले. मुलांना याची कल्पना दिलेली होती, तरी पुढचा अर्धा तास प्रत्येक जण फोन खिडकीबाहेर धरून बघत होता. कोलकासला सिपना नदी दिसली तेव्हा कुठे फोन खिशात गेले. हरिसाल ओलांडून मुक्कामी पोहोचेपर्यंत सूर्य टेकडीआड गेला होता आणि थंडी अशी पडली होती की सामान उतरवताना बोटे वळेनात.

या रस्त्याने जाणाऱ्यांसाठी दोन सूचना इथेच लिहून ठेवते. एक म्हणजे जंगलातला टप्पा उजेड असतानाच संपवावा. दुसरी, जवळ पुरेशी रोख रक्कम बाळगावी, कारण नेटवर्क नसले की मोबाइलवरून पैसे देण्याचा प्रश्नच उरत नाही.

रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी आणि ठेचा होता. जेवताना आशाताईंनी आमचे वेळापत्रक शांतपणे वाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला समाजमंदिरात तपासणी शिबिर, असे त्यात लिहिले होते. “मॅडम,” त्या म्हणाल्या, “दहा वाजता गावात राह्यते कोन? म्हातारे अन् लेकरं. बाकीचे कामावर जाते, अन् बरेच तं दिवाळीपासूनच भट्टीवर गेले.”

दिवाळीनंतर मेळघाटातली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर, ऊसतोडीवर किंवा बांधकामाच्या कामावर बाहेर जातात आणि होळीला परततात, हे मी वाचलेले होते, वर्गात सांगितलेलेही होते. वेळापत्रक करताना मात्र ते मला आठवले नाही. त्याच रात्री कागदावर काट मारली. शिबिर रद्द केले. सकाळी सात ते नऊ आणि दुपारी चारनंतर घरोघरी जायचे ठरवले आणि मधला वेळ मुलांनी नुसते पाहण्यात घालवायचा, असे सांगितले. पाणी कोण आणते, किती लांबून आणते, म्हातारी माणसे दिवसभर कुठे बसतात, मोरी कुठे आहे, हे ज्याने त्याने वहीत लिहायचे. “यात ट्रीटमेंट कुठे आहे?” असे एका मुलीने विचारलेच.

दिवस दुसरा

इथल्या कोरकू आदिवासींच्या गावाची मांडणी पाहण्यासारखी असते. मधून रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या सरळ ओळी, कुडाच्या भिंती, वर कौले आणि पुढे सारवलेली ओसरी. पहिल्या चार घरांत पत्रके वाटून झाल्यावर पाचव्या घरातल्या बाईंनी ते हातात उलटसुलट केले आणि चित्रावर बोट ठेवून आशाताईंना कोरकूत काहीतरी विचारले. आशाताई हसल्या. “त्या म्हणतात, हे लाकडाचं काय हाय? मॅडम, खुर्ची तं आमच्याकडं शाळेतच हाय.”

मी पत्रक पुन्हा पाहिले. गुडघ्याचा व्यायाम खुर्चीवर बसून, घोट्याचा खुर्चीला धरून, खांद्याचा खुर्चीच्या पाठीवर हात टेकवून. बारापैकी नऊ चित्रांत खुर्ची होती आणि उरलेल्या तिनांत पलंग. चित्रे माझ्या विद्यार्थिनीने काढली होती, पण तपासली मी होती. ज्या घरांत माणसे उकिडवी बसून स्वयंपाक करतात, मांडी घालून जेवतात आणि जमिनीवर झोपतात, त्यांच्यासाठी आम्ही खुर्चीवरचे दोनशे कागद छापून नेले होते. उरलेल्या पत्रकांची कोरी बाजू आम्ही पुढचे पाच दिवस लिहायला वापरली.

त्याच ओळीतल्या एका घरात लकवा झालेले आजोबा होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. जिल्ह्याच्या रुग्णालयात काही दिवस काढून ते घरी आले आणि तेव्हापासून ओसरीवरच्या खाटेवर होते. दोन इंटर्न्स त्यांच्याकडे बसले. रोजची कामे रुग्ण स्वतः किती करतो ते गुणांत मोजणारा बार्थेल इंडेक्सचा फॉर्म काढून त्यांनी खाणे, आंघोळ, कपडे असे एकेक कलम भरत आणले आणि ‘पायऱ्या चढणे’ या कलमाशी ते अडकले. शंभरपैकी दहा गुण या एका कलमाला आहेत. गावात कोणाच्याच घराला जिना नाही. “मॅडम, शून्य द्यायचे की दहा?” मुलाने मला हळूच विचारले. मलाही लगेच उत्तर सुचले नाही. मग मी त्याला म्हटले, तुझा आकडा राहू दे; हे घर सोडून बाहेर पडायला यांना काय काय ओलांडावे लागते, ते आधी बघ.

त्याने पाहिले तेव्हा निघाले ते असे: हातभर उंच उंबरठा, ओसरीवरून अंगणात उतरायचा उतार, अंगणापुढे फूटभर रुंदीची उघडी नाली आणि नंतर रस्ता. रस्त्याच्या पलीकडे संध्याकाळी शेकोटी पेटते आणि गावातली वडीलधारी माणसे तिथे बसतात. आजोबांना काय हवे आहे, हे तोवर कोणी विचारलेच नव्हते. विचारल्यावर त्यांनी डाव्या हाताने रस्त्यापलीकडे बोट दाखवले.

‘दहा मीटर स्वतंत्रपणे चालणे’ हे वहीतले ध्येय खोडून तिथे ‘शेकोटीपर्यंत’ असे लिहिले गेले. चार पायांची काठी आणायची असा मुलांचा विचार होता, पण उतारावरच्या भुसभुशीत मातीत तिचा एक पाय रुतून ती कलंडली असती. आशाताईंच्या दिराने बांबू तोडून दिला. माप घेताना मात्र मुलांचे शिक्षण कामी आले. आजोबांना ताठ उभे करून, हात सैल सोडून, मनगटाच्या घडीपर्यंत उंची घेतली, म्हणजे काठी धरल्यावर कोपर वीस ते तीस अंशांत वाकते. त्यांच्या कंबरेच्या बाकाचा हिशेब करून दोन बोटे कमी केली. बांबूच्या बुडाला जुन्या टायरचा तुकडा खिळ्याने ठोकला. काठी डाव्या, म्हणजे चांगल्या हातात. उंबरठा चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना कमजोर पाय आधी, हे मुलगा तीन वेळा हिंदीत सांगत होता; आजोबांच्या बायकोने ते एकदा ऐकले आणि स्वतः दोन्ही पाय उचलून करून दाखवले. त्यानंतर शिकवणी त्यांनीच घेतली.

दिवस तिसरा

सकाळी सातला आजोबांकडे गेलो तर आदल्या दुपारी सरळ होणारे कोपर उघडेना. पुठ्ठ्याच्या गोनिओमीटरवर पंधरा-वीस अंशांचा फरक होता. एका मुलीला वाटले की कालच्या व्यायामाने काहीतरी बिघडले. बिघडले काहीच नव्हते. थंडीत स्पॅस्टिसिटी, म्हणजे लकव्यानंतर स्नायूंत येणारा ताठरपणा, वाढते, एवढे साधे कारण होते आणि ते सर्वांना पाठ होते. पण चोवीस तास एकाच तापमानात असलेल्या विभागात त्याचा अनुभव कोणाला यायचा? अशा रुग्णांकडे ऊन अंगणात आल्यावरच जायचे, असे त्या दिवशी ठरले.

दुपारी आम्ही गावाच्या टोकाला असलेल्या एका घरी गेलो. आई-वडील भट्टीवर गेलेले, घरी आजी आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणे) असलेला चार वर्षांचा नातू. मुलाची मान स्थिर होती, पण बसता येत नव्हते आणि उभे धरले की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. दोन मुलींनी त्याला सतरंजीवर निजवले आणि मांड्या बाजूला ताणण्याचा व्यायाम आजीला दाखवायला सुरुवात केली. मूल रडू लागले. आजीने थोडा वेळ पाहिले, मग काही न बोलता नातवाला उचलले, पाय दोन्हीकडे टाकून कमरेवर घेतले आणि चुलीशी जाऊन काम करू लागली. मूल गप्प झाले.

मुली हिरमुसल्या. त्यांतली एक मात्र त्या दोघांकडे एकटक पाहत राहिली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मॅडम, ॲबडक्शन!” म्हणजे मांड्या बाजूला उघडणे. खरेच होते. आम्ही जे दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा करायला सांगणार होतो, ते त्या बाई दिवसाचे कितीतरी तास, मुलाला न रडवता, भाकरी थापताना करत होत्या. कमरेवर घेतलेल्या मुलाच्या मांड्या उघडलेल्या राहतात, मानेला आणि पाठीला तोल सांभाळावा लागतो, शिवाय त्याला चुलीवरचे सगळे दिसते. आजीला आम्ही एवढेच सुचवले की बाजू बदलत राहावी, म्हणजे तिच्या कमरेवरचा भार वाटला जाईल आणि मुलाची मानही एकाच दिशेला वळलेली राहणार नाही.

बसण्याची सोय ओसरीच्या कोपऱ्यात झाली. दोन भिंतींच्या काटकोनात मुलाची पाठ टेकवली, दोन्ही मांड्यांच्या मध्ये गोधडीची वळकटी ठेवली आणि पुढे उलटा पाट ठेवून त्यावर हात आणले. जेवण यापुढे आडवे निजवून नाही, तर असेच बसवून आणि हनुवटी किंचित खाली ठेवून द्यायचे. ठसका लागतो का, असे विचारल्यावर आजी म्हणाली की रोजच लागतो; लेकरू आहे म्हणून लागतो, अशी तिची समजूत होती. आठ जणांच्या प्रश्नावलीत हा प्रश्न कुठेच नव्हता. भात मऊ करून, घास लहान करून, ठसका थांबेपर्यंत पुढचा घास न देण्याची रीत मुलींनी तिथेच भरवून दाखवली.

उभे करण्यासाठी खड्डा खणला. समाजाधारित पुनर्वसनाच्या कामात ही युक्ती जुनी आहे: मुलाच्या छातीपर्यंत खोल, अंगाबरोबर रुंद खड्डा, आत चहूबाजूंनी पोती लावायची, तळ सपाट ठेवायचा आणि मूल त्यात उभे करायचे, म्हणजे मुलाला आधाराने उभे ठेवणाऱ्या लाकडी स्टँडिंग फ्रेमचे काम जमीनच करते. सुरुवातीला दहा मिनिटे पुरेत. टाचा टेकल्या आहेत ना, कुठे कातडी लाल झाली आहे का, हे पाहायचे आणि मुलाला तिथे एकटे सोडायचे नाही. दोन मुलगे कुदळ घेऊन घामाघूम होईपर्यंत खणत होते आणि शेजारची पाच-सहा पोरे त्यांना हसत होती. खड्डा तयार झाल्यावर आधी त्या सगळ्या पोरांनी आत उभे राहून पाहिले. मग नातवाचा नंबर लागला. त्याच्या उंचीवर बसून पोरे त्याच्यापुढे गोट्या खेळू लागली तेव्हा त्याने पाटावर ठेवलेला हात गोटीकडे नेला.

आजीने शेवटी पैसे किती, असे विचारले. नाही म्हटल्यावर तिने हरभऱ्याचे ओले घाटे भाजून आमच्यापुढे ठेवले.

रात्री शेकोटीपाशी मुलांनी विचारले की ही खड्ड्याची कल्पना कोणाची. नेमकी कोणाची ते कोणी सांगू शकणार नाही. पण प्राथमिक आरोग्यसेवेबद्दलच्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने पुनर्वसन रुग्णालयाबाहेर, घरच्या माणसांच्या हाती द्यायचे धोरण आखले आणि त्या पोटी अशा असंख्य युक्त्या गावोगावच्या लोकांकडून गोळा होत गेल्या. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत दिव्यांगांची संख्या २.६८ कोटी नोंदली गेली, त्यांपैकी १.८६ कोटी ग्रामीण भागात होते. आम्ही शिकवतो ती यंत्रे मात्र जवळजवळ सगळी शहरात आहेत. यावर एक मुलगा म्हणाला, “मग परीक्षेत खड्डा का विचारत नाहीत?” प्रश्न मला उद्देशून होता.

दिवस चौथा

कंबरदुखी हा गावातला सर्वांत मोठा आजार निघाला. कोरकूत दुखण्याला ‘कासू’ म्हणतात आणि त्या दिवशी हा शब्द आम्ही इतक्यांदा ऐकला की मुलांना तो कायमचा पाठ झाला. शून्य ते दहाच्या मापावर दुखणे किती, हा प्रश्न मात्र दोन घरांतच सोडून द्यावा लागला. ‘पाणी आणताना वाटेत किती वेळा हंडा उतरवता?’ असे विचारले की उत्तर ताबडतोब येई.

एका इंटर्नने सवयीप्रमाणे सल्ला दिला, “वजन उचलू नका.” बाई नम्रपणे हो म्हणाल्या आणि हंडा उचलून चालू लागल्या. मी मुलांना त्यांच्या मागोमाग पाठवले आणि भरलेला हंडा प्रत्येकाने विहिरीपासून घरापर्यंत आणायचा, असे सांगितले. मीही एक खेप केली, अर्ध्या वाटेत थांबून. त्या वाटेवर मुलांना जे समजले ते नीट नोंदवण्यासारखे आहे. डोक्यावरचा भार चालताना तितका छळत नाही. कंबर जाते ती उचलताना आणि त्याहून जास्त उतरवताना, कारण तेव्हा बाई एकटी असते आणि हंडा शरीरापासून लांब असतो. म्हणून सल्ला बदलला. उकिडवे बसून हंडा आधी मांडीवर, मग छातीशी आणि तिथून वर. उतरवायला घरातल्या कोणाला तरी हाक मारायची. विहिरीपाशी आणि घरापाशी कमरेइतक्या उंचीचा ओटा असेल तर फारच उत्तम. विहिरीवर तसा दगड आधीपासूनच पडलेला होता. तो चार हात सरकवायला सगळे आले, एका जागी अडकला तेव्हा पुन्हा अर्ध्यांना घरून पहार आणायला जावे लागले.

सगळीच कंबरदुखी हंड्याची नसते, हे विद्यार्थ्यांच्या मनावर जितके बिंबवावे तितके थोडे. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सोबत बारीक ताप, उतरलेले वजन, मणक्यावर हाताला लागणारा उंचवटा, असे काही दिसले की व्यायाम न देता क्षयरोगाच्या तपासणीसाठी पाठवायचे. आमच्या यादीत असे कोणी निघाले नाही, पण दुसरी एक गोष्ट निघाली.

संध्याकाळी सतरा वर्षांचा एक मुलगा लंगडत आला. क्रिकेट खेळताना पाय मुरगळला, असे तो सांगत होता. दोन इंटर्न्सनी मांडीचा स्नायू ताणल्याचे निदान करून शेक आणि स्ट्रेचिंग सांगितले. मी त्यांना पाय आत वळवून पाहायला सांगितले. खुब्यातला सांधा आत वळतच नव्हता, आणि दुखणे क्रिकेटच्या आधीपासून, वर्षभराचे होते. लहानपणी हातपाय सुजून दुखायचे का, असे विचारल्यावर त्याची आई लगेच हो म्हणाली. विदर्भातल्या आदिवासी भागांत सिकल सेलचा, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. या आजारात खुब्याच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटून हाड झिजू शकते आणि अशा सांध्यावर स्नायू ताणायचे व्यायाम देणे म्हणजे दुखण्यात भर घालणे होय. त्याला एक्स-रे आणि रक्ततपासणीसाठी चिठ्ठी दिली, तोपर्यंत काठी वापरायला आणि उड्या मारणे बंद करायला सांगितले. केंद्र सरकारचे सिकल सेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकल सेलचाही समावेश आहे, हे ज्यांनी तोंडी परीक्षेत सांगितले होते त्याच दोघांनी त्या मुलाला स्ट्रेचिंग दिले होते. रात्री दोघेही नीट जेवले नाहीत. मी त्यांना समजावत बसले नाही. अशा रात्री शिकाऊ माणसाला लागतातच.

इथे जाणाऱ्या शिक्षकांना एक सांगावेसे वाटते. चिठ्ठी लिहून काम संपत नाही. त्या चिठ्ठीसोबत बस कोणत्या वेळी आहे, रुग्णालयात कोणत्या वारी कोण भेटते आणि आईची बुडणारी मजुरी कुठून भरून निघेल, हे विचारून घ्यावे लागते. आमच्या मुलांनी ही माहिती आशाताईंकडून लिहून घेतली, तेव्हा ती चिठ्ठीपेक्षा लांब भरली.

दिवस पाचवा

दिवसाची सुरुवात वाईट झाली. क्लबफूट, म्हणजे जन्मतः पाऊल आत वळलेले, असलेल्या दहा महिन्यांच्या मुलीच्या आईला आमच्यातल्या एकीने जरा चढ्या आवाजात विचारले, “प्लास्टर मध्येच का थांबवलं?” आई मुलीला घेऊन आत गेली ती बाहेर आली नाही.

क्लबफूटवरच्या पोन्सेटी उपचारपद्धतीत दर आठवड्याला नवे प्लास्टर, अशी साधारण पाच-सहा प्लास्टरे, बहुतेकदा टाचेमागच्या स्नायुरज्जूवर लहानशी शस्त्रक्रिया, मग तीन महिने दिवसाचे तेवीस तास आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत रात्री झोपताना ब्रेस (पावले योग्य कोनात धरणारे बूट-पट्टीचे साधन), असा क्रम असतो. पद्धत स्वस्त आहे आणि गुण देणारी आहे, पण तिचा सगळा भार सातत्यावर आहे. त्या आईने चार आठवडे पहाटेची बस धरली होती. पाचव्या आठवड्यात मोठा मुलगा तापला. त्यानंतर तिला वाटले, आता गेले तर डॉक्टर रागावतील. हे सगळे दुपारी आशाताईंनी चुलीशी बसून काढून घेतले आणि बाहेर येऊन त्या माझ्या विद्यार्थिनीला म्हणाल्या, “पोरी, तू बी रागावलीच ना.”

विद्यार्थिनीने आत जाऊन माफी मागितली. दोघींत समान भाषा फारशी नव्हती, म्हणून ती मुलीला मांडीवर घेऊन बसून राहिली. तासाभराने आईने मुलीचे पाय पुढे केले. पुन्हा प्लास्टर सुरू करण्यासाठी कोणत्या दिवशी जायचे ते ठरले, मोठ्या मुलाला त्या दिवशी कोण सांभाळेल तेही ठरले; आशाताईंनी आपलेच नाव सांगितले.

दिवस सहावा

निरोपाच्या दिवशी आम्ही नवीन रुग्ण पाहिले नाहीत. प्रत्येक घरात पुढे कोण काय करणार, ते त्या माणसाकडून आमच्यासमोर करून घेतले. विद्यार्थी हात मागे बांधून उभे. मध्ये बोलायचे नाही, हात लावायचा नाही. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला यापेक्षा कठीण शिक्षा नसावी. आजीने कोपऱ्यातली बैठक मांडताना गोधडीची वळकटी आम्ही दाखवली होती त्याहून जाड केली, आणि ती बरोबर होती. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर काढलेली नवी चित्रे आम्ही आशाताईंच्या वहीत चिकटवली. त्यांत उंबरठा आहे, हंडा आहे, कमरेवरचे मूल आहे. फोटो आम्ही विचारल्याशिवाय काढले नाहीत आणि ज्यांनी नको म्हटले त्यांचे काढले नाहीत. हा नियम निघण्यापूर्वीच घालून द्यावा, तिथे जाऊन घालायला उशीर होतो.

सामानाबद्दल शेवटचे: मोजपट्टी, सुतळी, खिळे, हातोडी, क्रेप बँडेज आणि सायकलच्या जुन्या ट्यूब भरपूर न्याव्यात. ट्यूबच्या पट्ट्या कापल्या की बाजारातल्या इलॅस्टिक बँडचे काम होते आणि तुटल्या तर गावातच दुसऱ्या मिळतात. अल्ट्रासाउंड घरी ठेवावे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आजोबा शेकोटीपर्यंत आले होते. नालीवर मुलांनी टाकलेली फळी त्यांनी काठीने दोनदा ठोकून पाहिली आणि मगच पाऊल टाकले. बार्थेलच्या फॉर्मवरचे ‘पायऱ्या’ हे कलम मुलाने कोरेच ठेवले आहे आणि समासात फळीचे चित्र काढले आहे.

परत आल्यानंतर

होळीनंतर आशाताईंचा फोन आला. त्या नेटवर्कसाठी टेकडीवर चढून बोलत होत्या. सतरा वर्षांच्या मुलाच्या रक्तात सिकल सेल सापडला आहे आणि त्याचे उपचार सुरू झाले आहेत. क्लबफूटच्या मुलीची प्लास्टरे पूर्ण होऊन तिला ब्रेस मिळाला आहे. आजोबांच्या काठीचा टायर झिजला तेव्हा त्यांनी चपलेचा तुकडा ठोकला.

आजीचा मुलगा आणि सून होळीला घरी आले होते, पण आठ दिवसांनी पुन्हा भट्टीवर निघणार होते आणि या वेळी लेकराला बरोबर नेणार होते. माझ्या मनात लगेच ओसरीचा कोपरा आला, अंगणातला खड्डा आला, आणि सहा दिवसांचे काम मागे राहणार असे वाटून मी विचारले की तिथे त्याला बसवणार कशात.

पलीकडे थोडी कुजबुज झाली. फोन सुनेच्या हातात गेला असावा.

“मॅडम,” ती म्हणाली, “भट्टीवर इटा तं लय हायेत.”